खाटेपासून भिंतीपर्यंत

आमच्या जुन्या टीव्हीला मधोमध एक उभी हिरवी रेघ होती. मी या घरात आले त्याच्याही आधीपासूनची. बातम्या देणाऱ्या बाईच्या डाव्या डोळ्यातून ती सरळ खाली उतरायची. मालिकेतल्या सासू-सुना भांडायला समोरासमोर उभ्या राहिल्या की दोघींच्या बरोबर मधून जायची, जणू कुणी घराची वाटणी करून दिलीय. अप्पांचं म्हणणं, रेघेचा त्रास काही नाही, उलट फायदाच आहे. चेंडू रेघेच्या कुठल्या अंगाला गेला यावरून त्यांना पायचीत पंचाच्या आधी कळतं.

आमच्या टीव्हीला म्हणते खरी, पण टीव्ही माझा नव्हता आणि घरही माझं नव्हतं. मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली, मग इकडेतिकडे करत मुंबईला आले आणि परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डात आया म्हणून लागले. तिथे एक मालवणी मावशी पित्ताचे खडे काढायला आल्या होत्या. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी केस विंचरता विंचरता त्यांनी माझी सगळी चौकशी केली. अँटॉप हिलला एका खोलीत आम्ही इतक्या जणी राहतो की झोपायलासुद्धा पाळ्या लावाव्या लागतात, हेही त्यात निघालं. डिस्चार्जच्या वेळी त्या मला म्हणाल्या, पिशवी घेऊन ये. मी त्यांची पिशवी घेऊन आले. त्या म्हणाल्या, ही नव्हे, तुझी.

तेव्हापासून मी त्यांच्याकडे, लालबागला. आतल्या खोलीत मावशी आणि अप्पा, पोटमाळ्यावर त्यांची मुलगी, आणि बाहेरच्या खोलीत लोखंडी खाटेवर मी. मुलगी माझ्याहून लहान, पण काचेच्या इमारतीतल्या ऑफिसात जाते म्हणून मी तिला ताई म्हणते. ती मला अगं-तुगं करते. दोघींनाही यात काही वावगं वाटत नाही.

तर या ताईला दिवाळीचा बोनस मिळाला आणि तिने जाहीर केलं की आता रेघेचा टीव्ही जाणार. एका रविवारी सकाळी ती टेप घेऊन भिंत मोजायला लागली. मी खाली बसून कोथिंबीर निवडत होते. तिने भिंत मोजली, फोनमध्ये काहीतरी बघितलं, भिंतीकडे बघत मागे मागे आली तर पायाला माझी खाट लागली. तिने खाटेकडे बघितलं, परत भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "पंचावन्न इंची घेऊ. ही खाट काढली की मस्त बसेल."

टीव्ही मस्त बसेल. मी कुठे बसेन, ते तिने सांगितलं नाही. रात्री खाली गादी घालता येईल, असं काहीतरी पुढे म्हणाली असेल, पण माझ्या कानात खाटेनंतरचं काही शिरलंच नाही. कारण अडचण रात्रीची नव्हती, दिवसाची होती. माझी महिन्यातून पंधरा दिवस तरी नाइट असते. सकाळी येऊन मी दुपारपर्यंत झोपते. बाहेरची खोली म्हणजे घराचा रस्ता. दूधवाला, शेजारीण, अप्पांचे पत्त्याचे भिडू, सगळे तिथूनच. खाटेवर एक माणूस झोपलेला असला तरी त्याच्या बाजूने जाता येतं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ओलांडून जावं लागतं, आणि रोज ओलांडावं लागणारं माणूस कुणाच्याही घरात फार दिवस टिकत नाही. खाट गेली की मी गेले, इतका साधा हिशोब.

पण बोलायचं कोणत्या तोंडाने? टीव्ही त्यांचा, भिंत त्यांची, खाटसुद्धा त्यांचीच. ज्यांनी आपल्याला घरात घेतलं, त्यांना म्हणायचं की टीव्ही लहान घ्या, मला झोपायचंय? मी कोथिंबीर इतकी निवडली की शेवटी नुसत्या काड्या उरल्या.

रात्री जेवताना मात्र माझ्या तोंडून आपोआप एक वाक्य निघालं. म्हटलं, आमच्याकडे डोळ्यांच्या विभागातल्या सिस्टर सांगत होत्या, फार मोठ्या पडद्याने डोळे कोरडे पडतात म्हणे. डोळ्यांच्या विभागाशी माझा संबंध एवढाच, की कधीतरी मी तिथे पेशंटची ट्रॉली पोचवते. पण या घरात माझ्या शब्दाला भलतंच वजन. मी नुसती आया, पण अप्पांच्या लेखी हॉस्पिटलातून जे येतं ते सगळं औषधच. मागे एकदा मी सहज म्हटलं होतं की लोणच्यात मीठ जास्त असतं, तर त्यांनी वर्षभर लोणच्याकडे बघितलं नाही, आणि मावशी वर्षभर माझ्याकडे रागाने बघत होत्या.

अप्पांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जुन्या टीव्हीकडेही पाठ केली. मालिका लागली की भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि रेडिओसारखी ऐकायचे. मध्येच विचारायचे, आता कोण आला? मावशी सांगायच्या, तुमचो जावई. आपल्याला जावई नाही हे अप्पांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागायचा. ताईच्या लक्षात ताबडतोब यायचं, कारण तो टोमणा तिलाच असायचा.

मला वाटलं, जमलं. आता पंचावन्न इंचांचं नाव कुणी काढत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं दादरला दुकानात गेलो. ताईला पैसे भरायचे होते, अप्पांना डोळ्यांचं विचारायचं होतं, मावशींना घराबाहेर पडायचं होतं. मला का नेलं? ताई म्हणाली, तूसुद्धा बघणारच ना घरी, मग चल की. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, निरोप देण्याआधीचं गोड बोलणं आहे.

दुकानात भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच पोपट. चाळीस टीव्हींवर चाळीस पोपट एकदम मान वळवायचे. मग सगळीकडे एकदम मध ओघळायचा, मग समुद्रातले मासे यायचे. मावशी माशांसमोर थांबल्या. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे त्यांनी नीट निरखले आणि विकणाऱ्या मुलाला सांगून टाकलं की असे रंगीत मासे खायला काही कामाचे नसतात. तो बिचारा म्हणाला, "मावशी, मासा नाही, क्लॅरिटी बघा. एकेक खवला दिसतोय." मावशी म्हणाल्या, खवले मी रोज बघते, ते काढायची सोय असेल तर सांग.

तेवढ्यात अप्पांनी डोळ्यांचा विषय काढला. हिच्या हॉस्पिटलातल्या सिस्टर असं असं म्हणतात, खरं आहे का? मी पोपटाकडे बघत राहिले.

मुलगा तयारीचा होता. "काका, शंभर टक्के खरंय," तो म्हणाला, "पण ते जवळून बघणाऱ्यांना. जेवढा टीव्ही मोठा, तेवढं अंतर जास्त ठेवायचं. अंतर ठेवलं की डोळ्यांना काही होत नाही."

ताई जणू याचीच वाट बघत होती. म्हणाली, बघा, म्हणूनच मी म्हणत होते, खाट काढली की मागच्या भिंतीला टेकून बसता येईल, अंतरच अंतर. अप्पांच्या तोंडावर इतकं समाधान पसरलं, की इतक्या दिवसांनी त्यांनी पडद्याकडे तोंड करून मोठे डोळे केले. मी इतक्या हुशारीने रचलेली भानगडच आता माझ्या खाटेचा पाय धरून तिला दाराबाहेर ओढायला लागली होती.

मग मी धीर सोडला आणि दिसेल त्या टीव्हीत खोट काढायला लागले. हा आवाजाला कर्कश आहे. यात ट्यूबलाइट दिसतेय. यातला पोपट जरा जास्तच हिरवा नाही का? ताई म्हणाली, पोपट हिरवाच असतो. शेवटी वैतागून तिने विचारलं, मग तुला आवडला तरी कुठला? मी सगळीकडे नजर फिरवली आणि पार कोपऱ्यात, मिक्सरांच्या शेजारी ठेवलेल्या सगळ्यात छोट्याकडे बोट केलं.

मुलगा अदबीने मला म्हणाला, "ताई, तो टीव्ही नाही. तो आमचा बिल करायचा कॉम्प्युटर आहे."

ताई आधी हसली. मग हसता हसता थांबली आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मी खाली बघितलं. दुकानाची फरशी फार छान होती.

मावशी इतका वेळ एका स्टुलावर बसून पाय चोळत होत्या. ऐकत आहेत असं वाटतच नव्हतं. त्यांनी मुलाला जवळ बोलावलं आणि विचारलं, हे अंतर अंतर म्हणतोस, ते मोजायचं कुठून?

तो म्हणाला, जिथे बसून बघणार, तिथून.

"आमी बसतंव हिच्या खाटेर," मावशी म्हणाल्या. "खाटेपासून भिंतीपर्यंत सहा पावलां आसत. तेवढ्यात बसात तो दाखव."

ताई म्हणाली, आई, पण खाट...

"टीव्ही खाटेक बघून घेवचो," मावशी म्हणाल्या. "टीव्हीक बघून खाट काढूची नाय."

ताईने एक शेवटचा प्रयत्न केला. खाट काय जन्मभर तिथेच राहणार आहे का, असं ती म्हणाली. मावशींनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "रवतली. खाट लगीन करून खंय जावची नाय. तू जातलंस काय ता सांग."

विकणारा मुलगा पाठ फिरवून त्रेचाळीस इंच शोधायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

बिल करायच्या रांगेत ताई माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. तिच्या डोक्यात खाट म्हणजे एक लोखंडी वस्तू होती, एवढंच. नाइटचं, दिवसाच्या झोपेचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. हळूच म्हणाली, "मला सरळ सांगायचं ना गं. डोळ्यांचं कशाला काढलंस? अप्पा आता आयुष्यभर लांबून बघणार." वर म्हणाली, त्या सिस्टरना माझा नमस्कार सांग. मी सांगते म्हटलं. अजून सांगितलेला नाही, कारण कुठल्या सिस्टरना सांगायचा ते ठरलेलं नाही.

दोन दिवसांनी भिंतीवर टीव्ही बसवणारा माणूस आला. त्याच्या हातात ड्रिल, कानामागे पेन्सिल. म्हणाला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पडद्याचा मधला भाग यायला पाहिजे, कुणीतरी बसून दाखवा. आम्ही सगळ्यांनी मावशींकडे बघितलं. मावशी मोरीत बांगडे साफ करत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "तू बस गो. तुझीच खाट."

मी बसले. आता झालं असं, की या घरातली माणसं सगळी आटोपशीर उंचीची आणि मी उंच, शेतातल्या ज्वारीच्या ताटासारखी. त्यात 'तुझीच खाट' ऐकल्यावर माझी पाठ आपोआप ताठ झाली. फोटो काढायला बसतात तशी मान उंचावून बसले मी. त्या माणसाने माझ्या डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर खूण केली आणि ड्रिल लावलं. चुन्याचा धुरळा सगळा खाटेवर पडला. मी तो झटकला नाही, नुसती बघत बसले.

संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले तेव्हा घोटाळा कळला. पडदा त्यांच्या मानाने वीतभर वर. अप्पा म्हणाले, देवळासमोर उभा रवान कळस बघतंय असा वाटता. ताई म्हणाली, त्या माणसाला परत बोलावू, खाली घेऊ. मावशींनी मान वर करून पडदा बघितला, मग खाली करून मला बघितलं. भिंतीला दुसरं भोक पाडायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. ज्यांना दिसत नसेल त्यांनी खाली उशी घ्यावी.

त्यानंतर माझी नाइट लागली. सकाळी येऊन मी खाटेवर आडवी झाले ती मेल्यासारखी. दुपारी कधीतरी जाग आली, तर पायांशी काही हललं. मावशी खाटेच्या कडेला, एका उशीवर बसल्या होत्या, हनुवटी वर करून. मालिका चालू होती आणि आवाज पूर्ण बंद. रेघ नसल्याने सासू-सुना आता अगदी एकमेकींच्या अंगावर जात होत्या, तोंडं हलत होती, आणि शब्द मावशी घालत होत्या, माझी झोप मोडू नये अशा बारीक आवाजात. सासूच्या तोंडी एक, सुनेच्या तोंडी एक.

सून स्वयंपाकघरात आली, नखशिखांत दागिन्यांनी मढलेली. तिचा चेहरा इतका स्वच्छ दिसत होता की पावडरीचा थर मोजता आला असता. मावशी पुढे झुकल्या आणि सासूच्या वतीने म्हणाल्या, "एवढा सोना घालून कोण भाकरी थापता, मेले? चोर इलो तर भाकरी देतलंस की बांगडी?"

मी पांघरूण तोंडावर ओढलं आणि दातांत धरलं. हसले असते तर त्यांना कळलं असतं की मी जागी आहे, आणि त्यांनी टीव्हीचा आवाज सुरू केला असता.