श्वास रोखून बसलेली आई

निवृत्त होईपर्यंत मी कधी कॅमेरा हाती धरला नव्हता. धरला तोही माणसांपासून जरा दूर राहता यावे म्हणून. आलापल्लीच्या जंगलातले सागाचे बुंधे "झालं का?" असे विचारीत नाहीत. बल्लारपुरातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओची जुनी लेन्स मला मिळाली होती. अ‍ॅडॉप्टर लावून ती मी डिजिटल कॅमेऱ्यावर चढवली. तिच्यात आपोआप काहीच होत नाही. फोकसची रिंग हातानेच फिरवावी लागते. बुंध्यांना तेवढी सवड असते.

एके दिवशी शेजारच्या परिचारिकेने विचारले, "सर, आमच्या आईचा फोटो काढाल? आधारकार्डावरचा सोडला तर तिचा एकही फोटो नाई." नकार देण्याचे धैर्य नसल्यामुळे मी होकार दिला.

आई गावी अंगणात पांढरे लुगडे नेसून खुर्चीवर बसल्या होत्या. "एकडाव बसीन, भाऊ," त्यांनी बजावले. "मंग कोणी म्हटलं तरी नाई."

मी रिंग फिरवली. चेहरा स्पष्ट होण्याऐवजी विरत गेला. माझ्या दुसऱ्या लेन्सची रिंग उलट दिशेने फिरते, हे घाबरल्यामुळे मी विसरलो होतो. पुन्हा फिरवली, त्यांचे डोळे क्षणभर स्पष्ट झाले आणि पुन्हा विरले. एव्हाना आईंचा चेहरा ताठरला होता, गालही फुगले होते. रागावल्या, असे मला वाटले आणि मी घाईने रिंग आणखी फिरवली.

"आई, काऊन अशी करून राह्यली?" लेक ओरडली.

आईंनी फुस्सकन श्वास सोडला. "अवं, जुन्या काचेचा कॅमेरा हाय म्हणली ना तू! बहिणीच्या लग्नात फोटोवाला तिले म्हणे, श्वास घेतला त फोटो हलते. या भाऊनं त मले आज मारलंच असतं!"

आणि त्या पुढे झुकून खळखळून हसल्या. मी विचार न करता बटण दाबले.

पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. फोकस जिथे थांबला होता, नेमक्या तिथेच त्या झुकल्या होत्या. पापणीचा केस न् केस वेगळा दिसत होता. यात माझे कौशल्य काहीच नव्हते, तरीही छातीवरचे ओझे उतरले. मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला.

बराच वेळ त्यांनी पाहिले. मग लुगडे सारखे करून पुन्हा ताठ बसल्या.

"आता आणखी एक काढा, भाऊ. श्वास घेत घेत बसतो मी."