पोकळ ते पक्कं

माझ्या आत्यानं आयुष्यात एकाही भरीव वस्तूवर विश्वास ठेवला नाही. दगड, लोखंड, सागाचा ओंडका आणि ज्यांच्या डोक्यात शंकेला जागाच नाही अशी माणसं, या सगळ्यांकडे ती सारख्याच संशयानं बघते. तिचा जीव जडतो तो भोकाभोकांच्या, जाळीदार, आतून हलक्या वस्तूंवर. पाव घ्यायचा तर आधी अंगठ्यानं दाबायचा आणि तो फुगून वर आला तरच पिशवीत टाकायचा. माझ्या लग्नात आलेली गादीसुद्धा तिनं पाहुण्यांसमोर अशीच दाबली आणि जाहीर केलं, "हे दोन वर्सात बसन." गादी दीड वर्षातच बसली.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या मुलांना पदार्थांची ताकद शिकवतो. मधमाश्यांचं पोळं, हेल्मेटमधला फोम, आपली हाडं, यांच्या आतली बारीक घरं एकेक करून दबतात आणि धक्का गिळून टाकतात, हे सांगायला मला चार तास आणि खडूनं भरलेले दोन फळे लागतात. आत्या दर्यापूरजवळ दोन एकरांत भाजी आणि पपई पिकवते. ती हेच तीन शब्दांत उरकते: "पोकळ ते पक्कं."

दोनेक वर्षांपूर्वी तिच्या पपया जीपच्या टपावर आदळत अकोल्याला पोचेपर्यंत काळ्या पडू लागल्या. अडत्या म्हणाला, थर्माकोल लावा. आत्यानं वेलावर जून झालेली गिलकी, म्हणजे घोसाळी, वाळवली, साल सोलली, बिया झटकल्या आणि आतली जाळी कापून क्रेटला अस्तर लावलं. ते बघून अडत्या हसला.

"आंग घासाची वस्तू हाये हे, मावशी. तिच्यात पपया कावून निजवून राह्यल्या?"

सदुसष्ट वर्षांची आत्या शिडीवरून जीपच्या टपावर चढली आणि तिनं भरलेला क्रेट पायानं ढकलून थेट त्याच्यासमोर खाली पाडला. मी तिथंच होतो, म्हणून सांगतो. नऊपैकी आठ पपया धड निघाल्या. नववी तिनं कापली आणि फोड अडत्याच्या हातावर ठेवली. "खाय. हे तुह्या वाट्याची."

पुढं मी ती जाळी आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राखाली दाबून पाहिली. आलेख हेल्मेटच्या फोमसारखाच आला. मी मोठ्या उत्साहानं तिला फोन केला. "तुह्या मशीनले आता समजलं काय?" एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

गेल्या हिवाळ्यात ती बांधावरून घसरली आणि मांडीचं हाड खुब्यात मोडलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "आजी, वयानं हाडं आतून विरळ झालीत. जाळी पातळ झाली आहे."

"पण जाळी हाये ना?"

"आहे. पण सांधा आता नवीन बसवावा लागेल."

"भरीव हाये का थो?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कपाटातून एक नमुना आणला. त्याच्या दांड्याचा वरचा भाग खरखरीत होता, बारीक बारीक छिद्रांचा. हाड वाढतं, त्या छिद्रांत शिरतं आणि दांडा घट्ट धरून ठेवतं, असं त्यांनी समजावलं. आत्यानं त्यावरून बराच वेळ अंगठा फिरवला. "बसवा," ती म्हणाली.

शस्त्रक्रिया नीट झाली. मी तिला म्हणालो, आता शेत कुणाला तरी लावून दे आणि अमरावतीला आमच्याकडे राहायला ये. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "डाक्टरनं मले चालासाठी पाय देला, लेका. तुह्या घरी बसासाठी नाई." दोन महिन्यांत ती शेतावर परतली. मी रागावलो, बायको रागावली, आत्या वांगी लावत राहिली.

मागच्या रविवारी मी तिच्याकडे गेलो होतो. चालायचा वॉकर काळ्या मातीत रुततो, म्हणून तिनं तो बांधावरच सोडला. मी काठी पुढं केली, तर तीही घेतली नाही. वांग्यांच्या ओळीतून आम्ही निघालो. यंदाच्या किडीबद्दल ती तावातावानं बोलत होती, औषधवाल्यांना शिव्या देत होती. अर्ध्या वाटेत, बोलणं न थांबवता आणि माझ्याकडे न बघता, तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. असं तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं. भार मोजण्यात माझं आयुष्य गेलं, पण त्या हाताचा भार मला जाणवलाच नाही, इतका तो हलका होता. ओळ संपेपर्यंत मी फक्त सावकाश चालत राहिलो.