केबल माझ्या हातातच होती

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. नेटवर्क जोडणं हा माझा धंदा... काही अडलं तर त्याला कारण असतंच, हेच मी लोकांना सांगत आलेय. हा प्रसंग मात्र मी कुणाला धड सांगितलेला नाही. (आमच्या घरी मराठी फक्त बोलली जायची, तेव्हा लिहिण्यातल्या चुका पोटात घाला.)

२००५च्या आसपासची गोष्ट. इस्रायलच्या वाळवंटातल्या येरुहाम गावातला टाइल्सचा छोटा कारखाना. भट्टी सांभाळायचे एलियाजकाका — आमच्याच बेने इस्राएलांपैकी, म्हणजे मराठी ज्यूंपैकी, मूळ अलिबागकडचे, पेन्शनला दोन महिने राहिलेले. भट्टीचं तापमान राखणारा कंट्रोलर जुना, फक्त केबलवर चालणारा, त्याचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, कायमचा ठरवलेला; तो टाइप केला की तापमानाचं पान उघडायचं. त्याची ऑफिसपर्यंतची लांब केबल फोर्कलिफ्टखाली तुटली होती. म्हणून वायरलेस ब्रिज नावाची एक डबी लावायची, कंट्रोलरपासून तिच्यापर्यंत हातभर केबल, आणि पुढे ऑफिसपर्यंत वायरलेस — एवढंच काम.

सकाळचे दहा वाजले होते. ब्रिज ऑफिसच्या वायरलेसला जोडला गेला. मी लॅपटॉपवर कंट्रोलरचा ॲड्रेस टाइप केला आणि केबल खोचायला वाकले, तेवढ्यात कोपराने एंटर दाबलं गेलं... आणि पान उघडलं! भट्टीचं तापमान १२६०. बघता बघता १२६४. समोरच्या कंट्रोलरच्या पॅनेलवर मात्र ११२०, अगदी हवं तेवढंच.

आणि केबलचं टोक अजून माझ्या हातात होतं.

"काय झाला गो?" काकांनी विचारलं.

"काका, हे... बाराशे साठच्या वर दाखवतंय."

पुढे त्यांनी एक शब्द विचारला नाही. गॅसचा मुख्य कॉक बंद केला. भट्टीच्या तोंडाशी काम करणाऱ्या दोघींना हिब्रूत ओरडून बाहेर काढलं. मॅनेजर धावत आला. "पॅनेल ठीक आहे, एलियाज! अख्खा माल फुकट जाईल! पेन्शन नकोय का तुला?"

काका कॉकसमोरून हलले नाहीत. "आधी मोज, मग ओरड," एवढंच म्हणाले.

मॅनेजरने हातात धरायच्या मीटरने मोजलं. गॅस बंद होऊन बराच वेळ झाला होता, तरी बाराशेच्या वर! भट्टीतला तापमान मोजणारा सेन्सर जागेवरून निसटला होता. पॅनेल कमी दाखवत होतं आणि भट्टी आणखी तापत होती. तोंडाजवळच्या छताच्या विटा सुटू लागल्या होत्या. थोड्या वेळापूर्वी त्या दोघी बरोबर तिथेच उभ्या होत्या... मॅनेजरने काकांचा हात धरला.

मी दोन दिवस कारण शोधलं. तोच ॲड्रेस दुसऱ्या कुठल्या यंत्राला दिलाय? नव्हता. लॅपटॉपमध्ये जुनं पान साठलंय? लॅपटॉप कोरा होता. आणि केबल जोडलेली असती तरी काय? कंट्रोलरला तो निसटलेला सेन्सर सांगेल तेवढंच कळणार — ११२०. १२६० हा आकडा त्याला ठाऊकच नव्हता.

काका निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना खरं सांगितलं. "काका, केबल लावलेलीच नव्हती. तुम्ही कशावर विश्वास ठेवलात?"

"केबल-बिबल मला काय कळते?" ते हसले. "मी तुझ्या तोंडाकडे बघितला. एवढी भ्यालेली पोरगी खोटा बोलेल काय?"

काकांचं मला समजलं. तो आकडा कुठून आला, ते मात्र आजतागायत समजलेलं नाही.