सील शाबूत, सूत ओलं

"काळे, बिघडलंय काय? ओव्हन की तुमचं डोकं?"

आमचे चीफ केमिस्ट चौधुरीसाहेब माझा रिपोर्ट टेबलावर आपटून ओरडले. मी म्हटलं, "साहेब, ओव्हन ठीक आहे."

"म्हणजे डोकं!"

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. साताऱ्याहून येऊन मी कलकत्त्याच्या एका टेस्टिंग लॅबोरेटरीत चिकटलो होतो. ज्यूट मिलमधून तागाच्या सुताचे नमुने यायचे. ते तोलायचे, ओव्हनमध्ये खडखडीत वाळवायचे, पुन्हा तोलायचे. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. ही मॉइश्चर टेस्ट. ताग वजनावर विकतात, त्यामुळे सूत ओलं निघालं की माल नापास.

कलकत्त्याजवळच्या बजबज गावातल्या एका मिलचा माल मी महिनाभर नापास करत होतो. पण फक्त बुधवारचा! शनिवारी त्याच मिलचा नमुना आरामात पास. नमुना कापडी पिशवीत शिवून, वर लाखेचं सील मारून यायचा. सील कधी तुटलेलं नसे, कापड हाताला कोरडं लागे. म्हणजे चूक माझीच, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

त्यात मी एकदा बोलून बसलो की या नमुन्यांना मासळीचा वास येतो. सगळी लॅब खो खो हसली. "सुताला मऊ करायला तेल लावतात, त्याचा वास तो. वरणभात खाणाऱ्या बामणाला सगळीकडे मासळीच दिसते!" मनातून माझा जळफळाट झाला.

त्या मंगळवारी साहेबांनी शेवटचं सांगितलं. "उद्या नमुना येईल. परवाचा रिपोर्ट पुन्हा असाच आला, तर तुमच्या प्रोबेशनच्या कागदावर मी 'अनफिट' लिहिणार."

कायम झालो तरच क्वार्टर मिळणार होतं, आणि क्वार्टर मिळालं तरच कमल साताऱ्याहून येणार होती. लग्नाला दीड वर्ष झालेलं, आणि बायकोचा सहवास फक्त पत्रातून! तिच्या प्रत्येक पत्रात एकच प्रश्न, "कधी नेताय?"

बुधवारी मी सरळ रजा टाकली. ओव्हनचं तोंड बघायची इच्छा नव्हती. सियालदह स्टेशनवर गेलो आणि समोर उभी होती त्या गाडीत बसलो. ती नेमकी बजबजची निघाली. म्हटलं, चला, ज्या गावाने छळलंय ते तरी बघू.

गाव काही वाईट नव्हतं. नदीकाठी बसून मुडी खाल्ली. म्हणजे आपले चुरमुरेच, वर कच्चं मोहरीचं तेल. तेलाचे मोठाले टँक पाहिले, लाँचमधून उतरणारी माणसं पाहिली, एका म्हाताऱ्याशी मोडक्या बंगालीत पीकपाण्याच्या गप्पा मारल्या. महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं. दुपारी परतीच्या गाडीत चढलो, तर हाक आली, "आरे, काळेबाबू! तुम्ही इकडे?"

मिलचे नमुने आणणारे निताईबाबू. पन्नाशीचे, भला माणूस. त्यांनी हातातली गोणपाटाची थैली वरच्या फळीवर ठेवली आणि घरची चौकशी सुरू केली. दोन स्टेशनं गेली असतील. माझ्या डोक्यावर थेंब पडला. मग दुसरा. मी पुसून हुंगलं. तोच वास!

"निताईबाबू, थैलीत काय आहे हो?"

"इलिश मासा!" त्यांचा चेहरा फुलला. "चौधुरीसाहेबांची बहीण आमच्या गावात दिलीय ना. गुरुवारी साहेबांकडे लक्ष्मीची पूजा, मासा बंद. म्हणून बुधवारी ती भावाला ताजा इलिश धाडते, बर्फ घालून, ओल्या गोणपाटात बांधून. मी बालीगंजला उतरतो, साहेबांच्या घरी मासा देतो, मग पुढच्या गाडीने नमुना घेऊन तुमच्याकडे."

"आणि नमुना कुठाय?"

"थैलीतच, माशाखाली. वर ठेवला तर मासा चेपेल की!"

मी कपाळावर हात मारला. "अहो, तो भिजतो ना!"

"पिशवी वाऱ्याने सुकते वरून," निताईबाबू शांतपणे म्हणाले. "आणि सील बघा तुम्ही. एकदा तरी तुटलंय?"

बालीगंज आलं. ते उठले. मी त्यांचा हात धरला. "निताईबाबू, पाया पडतो, आज उतरू नका. माझी नोकरी या माशावर आहे."

काय समजले देव जाणे, पण बसले बिचारे.

तासाभरात ती थैली साहेबांच्या टेबलावर होती. पाण्याचा ओघळ फायलींकडे निघाला. मी वरून मासा काढला, खालून सीलबंद नमुना काढला आणि साहेबांसमोर पिशवी उसवली. आज वाऱ्यावर सुकायला वेळच मिळाला नव्हता; आतलं सूत पिळलं असतं तर पाणी गळलं असतं.

साहेबांनी ओलं गोणपाट बोटांनी चाचपलं. मग हळू आवाजात म्हणाले, "दर बुधवारी?"

"दर बुधवारी, साहेब."

"आणि मी... तो खाल्ला." ते एकदम हसायला लागले. अंगभर हसले. निताईबाबूंना हायसं वाटलं, आणि मला तर नाचावंसं वाटलं!

त्याच आठवड्यात मिलकडून नवा नमुना मागवला, पत्र्याच्या डब्यात झाकणाला डाग देऊन. कोरडा निघाला. महिनाभराचे माझे नापास रिपोर्ट साहेबांनी स्वतः रद्द केले. पण कारणाच्या रकान्यात 'इलिश' लिहायला काही त्यांचा हात धजला नाही, 'वाहतुकीतील दोष' एवढंच लिहिलं.

पंधरा दिवसांनी मी कायम झाल्याचा कागद आला. मी तो आधी हुंगला, मग वाचला. कमल पुढच्या महिन्यात आली आणि स्टेशनवर उतरताच नाक मुरडून म्हणाली, "अगंबाई, इथे कसला हो वास येतोय?"

मी म्हटलं, "आपल्या क्वार्टरचा."

पुढे तीस वर्षं नोकरी केली. हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट शिकवली: सील बघून झालं की पिशवीचा वासही घ्यावा.