वांग्याच्या बुडाची माती

माझं लग्न झालं त्या साली नेकनूरकडं पाऊस नावालाच पडला. आमच्या वस्तीवर सात घरांची पाणी सहकारी संस्था होती, म्हणजे एक विहीर, एक मोटर आणि बरीच भांडणं. आठवड्यातून एकदा प्रत्येक घराची पाण्याची पाळी यायची. पिकाला गरज असो नसो, आपली पाळी कुणी सोडत नसे. त्या साली सगळ्यांनी वांगी लावली होती.

विहिरीतले खडक उघडे पडायला लागले तेव्हा संस्थेच्या चेअरमननी, म्हणजे वस्तीवरच्या एका निवृत्त गुरुजींनी, नियम काढला. वांग्याच्या बुडाशी वीतभर उकरायचं आणि माती मुठीत दाबायची. गोळा झाला तर पाळी पुढं ढकलायची, भुरभुरली तर पाणी द्यायचं. माती बघायचं काम मला मिळालं. मी नवी सून, माझं अजून कुणाशी वैर नव्हतं, एवढीच माझी पात्रता.

पहिली पाळी आमच्याच घराची निघाली. वांगी सासूबाईंची, त्यांना मी आत्याबाई म्हणे. गोळा झाला.

"आत्याबाई, आज पाणी न्हाई," मी म्हणाले.

"माझ्याच घरात खातीस अन् मलाच न्हाई म्हन्तीस?"

मग त्या माझ्याशी बोलेनात. काय सांगायचं ते म्हशीला सांगत, मी ऐकून घेई. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी मला मनगटाला धरून शेतात नेलं. वांग्यांनी माना टाकल्या होत्या. गुरुजी म्हणाले होते, दुपारी पानं लोंबतातच; दिवस कलल्यावरही लोंबली तर झाड तहानलेलं समजायचं. ते मी आत्याबाईंना सांगितलं. आम्ही दोघी बांधावर बसून राहिलो. ऊन उतरलं तशी पानं वर आली. आत्याबाई उठून घरी गेल्या.

चौथ्या दिवशी माती भुरभुरली. मी पाणी दिलं.

महिनाभरानं गुरुजींच्या वांग्यांत गोळा झाला. मी त्यांनाही नाही म्हणाले. पुढच्या बैठकीत गुरुजींना वाटू लागलं, की हे काम सगळ्यांना आळीपाळीनं मिळावं. बैठकीत बायका बोलत नसत. आत्याबाई पदर सारखा करून उठल्या.

"तिलाच ऱ्हाऊ द्या. तिनं मला सोडलं न्हाई, तुमी कोन?"

विषय तहकूब झाला.

विहीर चैत्रात आटली. तोवर सातही घरांची वांगी बाजारात जाऊन आली होती. शेवटच्या तोडणीची एक पाटी आत्याबाईंनी मला माहेरी न्यायला दिली.