तुवाक आगांची नजर

माझ्या वडिलांची नजर घोड्याच्या बाबतीत कधी चुकली नाही, असं इराणातल्या आमच्या गोनबादमध्ये अजून म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्यांची मुलगी आहे, आणि मला ठाऊक आहे की शेवटची नऊ वर्षं त्यांनी एकही घोडा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

ते सिंची होते. घोडा नुसता बघायचा आणि त्याचा दम किती, खोड काय, शर्यतीत कितवा येईल ते सांगायचं, हे सिंचीचं काम. आमच्या तुर्कमेन लोकांत डॉक्टर चुकला तर माणसं दुसरा डॉक्टर गाठतात. सिंची चुकला तर त्याचा आजा-पणजा उकरून काढतात. त्याहून वाईट म्हणजे शब्द फिरवणं. सिंचीचा शब्द एकदा पडला की शर्यत होईपर्यंत तो हलत नाही. हलला तर लोक एकच अर्थ घेतात, समोरच्यानं खिसा गरम केला. बाकीचे सिंची घोड्याभोवती तासभर घिरट्या घालत. बाबा दारातून एकदा बघत, चहाचा पेला खाली ठेवत आणि सांगून मोकळे होत. त्या एका नजरेवर त्यांचं सगळं नाव उभं होतं.

मी नवऱ्याकडून परत आले ते वर्ष आणि बाबांचे डोळे जायला लागले ते वर्ष एकच. माझं नाव ओगुलगेरेक, म्हणजे ‘मुलगा हवा’. असं नाव घेऊन जन्मलेली, मूल झालं नाही म्हणून परत पाठवलेली बाई घरात काय करणार? गोरगानच्या डॉक्टरनं सांगितलं, डोळ्यामागची नस सुकतेय, इलाज नाही. वरून डोळे स्वच्छ, काळेभोर. बघणाऱ्याला काही कळू नये. परतीच्या बसमध्ये बाबा म्हणाले, “गेरेक, हे तुझ्या-माझ्यात.” घरात एक निरुपयोगी बाई होती आणि एक निरुपयोगी सिंची. आम्ही दोघांनी मिळून एक कामाचा माणूस तयार केला.

रीत सोपी होती. ज्या तबेल्यात बाबांना बोलावणं असेल तिथं मी आदल्या दिवशी ताजी भाकरी घेऊन जायची, बायकांशी गप्पा मारायची आणि घोडा फिरायला काढला की बघून घ्यायची. घरी आले की बाबा उलटतपासणी घेत. “छान आहे, देखणा आहे, हे नको सांगूस. कुठला पाय जमिनीवर किती वेळ टिकतो ते सांग. वळताना कान कुठं जातात? लीद कोरडी का ओली?” दुसऱ्या दिवशी ते पुरुषांच्या बैठकीत उभे राहत, घोड्याकडे तोंड करत आणि माझंच बोलणं बोलत. पिकल्या दाढ्यांची माणसं माना डोलवत. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. ज्या गावानं मला वांझ म्हणून परत घेतलं, ते गाव माझ्या डोळ्यांवर पैसे लावत होतं.

हेमराला आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. हा माझा धाकटा भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. आई गेल्यावर मीच त्याला वाढवला. पण त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. तो जॉकी होता, हाकबेर्दी हाजींच्या तबेल्यात राहायचा आणि शुक्रवारी जेवायला घरी यायचा. तो दारात दिसला की मी आतून म्हणायची, “हिरवा सदरा, नवीन आहे.” मग बाबा मोठ्यानं विचारायचे, “काय रे, हिरवा सदरा कुणासाठी?” हेमरा खूश व्हायचा.

त्या शरदात हाजींचा अकयेल सगळ्यांच्या तोंडी होता. दुधी रंगाचा, लांब मानेचा, आठच्या आठ शर्यती जिंकलेला. हंगामाची शेवटची मोठी शर्यत उरली होती. शेजारच्या आकगला गावची एक तांबूस घोडी सोडली तर त्याला जोड नव्हती. तरी प्रश्न होताच: आठ शर्यती पळालेल्या पायांत नववा विजय उरलाय का? हाजींनी बाबांना बोलावलं. हेमरा अकयेलवर बसणार होता.

पण या खेपेला दृष्ट लागेल, कुणी काही खायला घालेल म्हणून हाजींनी आठवडाभर तबेला बंद ठेवला. मी दोनदा भाकरी घेऊन गेले. दोन्ही वेळा दारवानानं भाकरी ठेवून घेतली आणि मला वाटेला लावलं.

“बाबा, जाऊ नका. ताप आलाय म्हणून सांगते,” मी म्हटलं.

“हेमराचा घोडा आहे. बापच गेला नाही तर लोक काय समजतील? हातानं बघेन.”

हात लावण्याची सवय त्यांनी अलीकडे लावून घेतली होती आणि लोकांना त्यातही काहीतरी थोर दिसायचं. पायाच्या नळीमागच्या शिरेवरून बोटं फिरवली की दुखरी जागा गरम लागते. ते त्यांना डोळ्यांइतकंच पक्कं कळायचं. फक्त अंग निवलेलं हवं.

आम्ही पोचलो तेव्हा अकयेल उन्हात उभा होता, अंगावर एकावर एक सहा नमदे, लोकरीच्या जाड झुली. शर्यतीआधी चरबी घामावाटे काढायची ही आमची पद्धत. तेहरानहून पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर नमदे काढले तेव्हा घोड्याच्या अंगातून वाफा निघत होत्या. मी अंगणाच्या टोकाला बायकांत, तंदूरपाशी. बाबांनी मानेवरून, खांद्यावरून, चारी पायांवरून हात फिरवला. सगळं अंगच तापलेलं, त्यात एका शिरेची ऊब काय वेगळी कळणार!

“थोडा वारा लागू दे त्याला,” बाबा म्हणाले. “एक किटली चहा होऊ दे.”

हाजी पाहुण्यांकडे वळून हसले. “ऐकलंत? आमच्या तुवाक आगांना आता किटली लागायला लागली! आगा, तुम्ही पेला खाली ठेवेपर्यंत सांगणारे. म्हातारे झालात का घोडा म्हातारा झालाय?”

सगळे हसले. हेमराही हसला, लगाम धरून, बापाच्या कौतुकानं. बाबांनी घोड्याच्या मानेवर थाप मारली. मग म्हणाले, “याच्या पुढं जाईल असं जनावर त्या मैदानात नाही.”

शब्द पडला. टाळ्या पडल्या. हेमरानं घोडा वळवून तबेल्याकडे नेला आणि तिथल्या विटांच्या फरशीवर मला दिसलं. पुढचा डावा पाय टेकत होता आणि लगेच उचलला जात होता. थोडंसंच. मी दोनदा बघितलं. त्याच वेळी मी ओरडायला हवं होतं. पुरुषांच्या बैठकीत एक बाई ओरडली असती, आमचं बिंग फुटलं असतं, बस, एवढंच झालं असतं. मी ओरडले नाही. हे पाप माझं आहे, बाबांच्या खात्यात घालू नका.

घरी येऊन सांगितलं. बाबा जमिनीवर बसले. “डावा? नक्की?”

“नक्की.”

“वळणावर सगळा भार डाव्यावरच येतो.” मग म्हणाले, “उद्या हाजींना खरं सांगायचं. सगळं.”

दुसऱ्या सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी काठी घेतली नाही. काठी आमच्या घरात नव्हतीच. हाजींचं अंगण त्यांना पावलांनी पाठ होतं. हौदाला वळसा घालून ते थेट हाजींच्या गादीपुढं जाऊन उभे राहिले. तिथंच आमचा घात झाला.

“हाजी, शब्द मागं घेतो. घोड्याचा डावा पाय दुखरा आहे. पळवू नका.”

“काल दुखरा नव्हता?”

“काल मला कळलं नाही. मला दिसत नाही, हाजी. नऊ वर्षं झाली. ही पोरगी बघते आणि मी बोलतो.”

हाजींनी पेला ठेवला. आधी हसले, मग हसू गेलं. “हौद चुकवून सरळ माझ्यापुढं आलात आणि दिसत नाही म्हणता? ही किती बोटं?”

“दिसत नाहीत.”

“असं कोणीही म्हणेल! मी पण म्हणतो, मला दिसत नाहीत.” ते उठले. “आकगलावाल्यांनी किती दिले, आगा? माझ्याकडे मागायचे होते. तीस वर्षांची ओळख आपली.”

मी मध्ये पडले. “हाजी, विटांवर चालवून बघा. एकदाच. तुमच्या डोळ्यांनी.”

“आता बायका मला घोडा शिकवणार?” तबेल्यातल्या माणसाला त्यांनी हाक मारून विचारलं, पाय कसा आहे? तो म्हणाला, सकाळी फिरवला, उत्तम आहे. तो दुसरं काय म्हणणार? आठवडाभर तो पाय त्याच्याच ताब्यात होता.

आता हेमरा उरला होता. तो दुपारी तणतणत घरी आला; बातमी त्याच्या आधी गावभर झाली होती. “बाबा, तुम्ही पैसे घेतलेत?”

बाबांनी सगळं सांगितलं. तो मानेना. “मग माझे सदरे कसे ओळखता?”

“मी सांगते रे आतून,” मी म्हटलं. “हिरवा, निळा, बाही फाटलेला. सगळे मी सांगितलेत.”

त्याचा चेहरा मला अजून सोडत नाही. तो बाबांच्या अगदी जवळ गेला, डोळ्यांपुढं हात हलवला. बाबांची पापणी हलली नाही. तो खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. मला वाटलं, सुटलो. आता हा चढणार नाही.

डोळे पुसून तो म्हणाला, “मी उतरलो तर बाबांनी पैसे खाल्ले हे पक्कं होईल. एजेके, मेल्यावरसुद्धा लोक यांना पैसे खाणारा म्हणतील.” मोठी बहीण म्हणून तो मला एजेके म्हणायचा.

“म्हणू देत! मी हाजींच्या दारात जाऊन बोंब मारते, सगळ्यांसमोर यांची परीक्षा घ्या म्हणते.”

“कोण ऐकतंय तुझं? आणि ऐकलं तर काय म्हणतील? नऊ वर्षं गावाला फसवलं.” तो उठला. “मी त्याला आवरून धरतो. तिसरा, चौथा आणतो. वळणावर बाहेरून घेतो. हरलो तर हरलो.”

“अकयेल आवरला जात नाही,” बाबा म्हणाले. “आयुष्यात तो कुणाच्या मागं राहिलेला नाही. हेमरा, पाया पडतो तुझ्या.”

बापानं असं म्हटल्यावर पोरानं थांबायला हवं होतं. तो बाबांच्या कपाळाला ओठ लावून निघून गेला.

शर्यतीला आम्ही दोघं कठड्याशी उभे होतो. आजूबाजूच्या माणसांनी आमच्यापासून हातभर अंतर सोडलं होतं. घोडे सुटले. मी बाबांच्या कानाशी बोलत होते, कुजबुजायचं आता कारण नव्हतं तरी कुजबुजतच होते. “तांबूस घोडी पुढं. मग एक काळा. अकयेल चौथा. हेमरानं लगाम आखडून धरलाय.”

“मान कशी आहे?”

“वर. झगडतोय.”

“सुटेल,” बाबा म्हणाले.

समोरच्या सरळ पट्टीवर अकयेल सुटला. हेमरा मागं रेलून ओढत होता, लोकांना वाटलं मुद्दाम हरतोय, शिव्या सुरू झाल्या. अकयेलनं काळ्याला टाकलं, घोडीच्या बरोबरीला आला. हेमरा त्याला बाहेर काढू बघत होता. शेवटच्या वळणावर अकयेल आत शिरला, आणि पुढचा डावा पाय दुमडला. मागचे दोन घोडे त्यांच्या अंगावरून गेले.

मी बोलायची थांबले. बाबांनी माझा दंड धरला. “हेमरा उठला का?”

“घोडा उठलाय,” मी म्हटलं. “तीन पायांवर उभा आहे.”

जन्मभर घोड्याची बातमी आधी विचारणाऱ्या त्या माणसानं माझा दंड सोडला आणि कठड्याखालून वाकून एकटाच मैदानात चालू लागला, भलत्याच दिशेला. मी धावत जाऊन त्यांना वळवलं.

हेमराच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सगळे आले. हाजीही आले, बाबांपुढं गुडघे टेकून बसले. “आगा, तुम्ही बघितलं होतं. मीच आंधळा.” माणसं एकमेकांना तेच सांगत होती: तुवाक आगांनी पोराचं मरण एका नजरेत ओळखलं, शब्द फिरवायला स्वतः गेले, कुणी ऐकलं नाही. दिसत नाही हे म्हणणं सगळ्यांनी बापाच्या मायेची धडपड म्हणून सोडून दिलं होतं. जेवणं झाल्यावर कलाले गावचा एक माणूस संकोचत म्हणाला, “वेळ बरोबर नाही, पण इतक्या लांबून आलोय. दारात शिंगरू आणलंय. तुमची एक नजर पडली तर...”

बाबांनी मान माझ्याकडे वळवली, साठ माणसांदेखत. मी भांडी खाली ठेवली.

“त्यांना दिसत नाही,” मी म्हटलं. “नऊ वर्षं झाली. बघायची मी. त्या दिवशी हाजींच्या अंगणात लंगडा पाय मी बघितला, आणि गप्प बसले.”

या खेपेला कुणी हसलं नाही. हाजींनी मान खाली घातली. कलालेचा माणूस उठला आणि शिंगरू घेऊन निघून गेला. नऊ वर्षं घरात कधी न चाचपडलेल्या बाबांनी चाचपत माझा हात शोधला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “दार कुठल्या बाजूला आहे?”