सुभाषच्या खात्याचं लिमिट

अंगात येणं, उतारे, करणी... असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. सासूबाई अमावस्येला ओवाळून टाकायला लिंबं आणायच्या, मी त्यांचं सरबत करून मोकळी व्हायचे! त्यामुळे मला ओळखणारे हे वाचून हसतील. खुशाल हसा. मी जे पाहिलं तेच लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. कुपवाडच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचे. म्हणजे एसीच्या खोलीत युनिक्स नावाच्या सिस्टिमवर चालणारं एक मशीन आणि त्याला जोडलेले ड्रॉइंग ऑफिसमधले टर्मिनल, नुसते पडदे आणि कीबोर्ड. सगळ्यांत मिळून डिस्क एकच, आणि तीही एवढीशी. म्हणून मी प्रत्येकाच्या खात्याला लिमिट लावलेलं — तेवढ्या जागेत आपली ड्रॉइंग बसवायची. भरलं की मशीन पुढचं काही घेणार नाही. त्यावरून रोज तंटा! "आवं मॅडम, वाढवा की जरा!" आणि मी, "आधी जुना कचरा काढा, मग बोला."

सुभाष आणि दिनकर हे दोघे ड्राफ्ट्समन आष्ट्याचे. एकाच मोटरसायकलवर यायचे, एकाच डब्यात जेवायचे. एवढंच काय, एकाची जागा भरली की खुशाल दुसऱ्याच्या खात्यात ड्रॉइंग ठेवायचे. मी ओरडले की दिनकर दात काढायचा. "आमचं काय येगळं हाय व्हय, मॅडम?"

गणपतीत मी माहेरी साताऱ्याला गेले होते, तेव्हाच सुभाष गेला. संध्याकाळी घरी जाताना ट्रकनं उडवलं. दिनकर त्या दिवशी ओव्हरटाइमला थांबला होता, म्हणून मागच्या सीटवर नव्हता. एरवी रोज असायचा.

आमच्या कारखान्यात माणूस गेला की तेरावा होईपर्यंत त्याच्या वस्तूंना कुणी हात लावत नसे. लॉकर, अवजारं, चहाचा कप, सगळं जिथल्या तिथं. त्या हिशेबानं त्याचं खातंही कुणी पुसलं नव्हतं. मी परत आले तेव्हा दिनकर मिरजेच्या दवाखान्यात होता. ताप उतरत नव्हता आणि रिपोर्ट सगळे चांगले येत होते. डॉक्टर म्हणत होते, धसका घेतलाय.

एका सकाळी ड्रॉइंग ऑफिसमधून बोंब आली — डिस्क फुल! कुणाचंच काही सेव्ह होईना. सगळ्यात जास्त जागा कुणाच्या नावावर म्हणून बघते तर... सुभाष.

गेलेल्या माणसाचं खातं फुगत होतं. आत बघितलं तर ड्रॉइंग दिनकरची. त्याच्या खात्यातली एकेक फाइल सुभाषच्या मालकीची झालेली. फाइलचा मालक बदलायचा अधिकार फक्त मुख्य पासवर्डला, आणि तो मला आणि आमच्या साहेबांनाच ठाऊक. कुणीतरी मस्करी करतंय म्हणून मी भयंकर चिडले. पासवर्ड बदलला, कुणालाच सांगितला नाही. सुभाषचं लॉगिन बंद केलं. सगळ्या फायली परत दिनकरच्या नावावर केल्या.

दुपारी त्याच्या बायकोचा, रंजनाचा फोन आला. "ताई, आज जरा पेज घेतली बगा त्यांनी. उठून बसल्यात."

दुसऱ्या सकाळी त्या फायली पुन्हा सुभाषच्या. आधीपेक्षा जास्त. आणि रंजनाचा रडवेला फोन — ताप चढलाय, बडबडायला लागलेत, सुभाषला हाका मारतायत.

मी परत नावं बदलली, त्याला उतार पडला. सकाळी फायली पुन्हा सुभाषकडे गेल्या, दिनकर पुन्हा खचला. असं काही दिवस चाललं. योगायोग, योगायोग, असं मनाला बजावत होते, पण सकाळी चहाही न घेता आधी मशीनपुढं बसायचे. खरं सांगते, इतकी भीती मला कशाचीच कधी वाटली नव्हती. मग तो दिवस उजाडला. दिनकरच्या नावावर मोजून दोन-चार ड्रॉइंग उरली होती, माझ्या कमांडनं काही परत यायला तयार नव्हतं, आणि रंजना फोनवर म्हणाली, "ताई, डॉक्टर म्हणत्यात, पावण्यांना बोलवून घ्या."

तेव्हा डोक्यात आलं — अरे, सुभाषला लिमिट होतं ना? मग एवढं मावलंच कसं?

बघितलं तर तिथं शून्य. साहेबांकडे धावले. "तुम्ही माहेरी होता तेव्हा मीच टाकलं," ते म्हणाले. "गेलेल्या माणसाला जागा कशाला?" मी कपाळावर हात मारला. युनिक्समध्ये शून्य टाकलं की त्याचा अर्थ 'जागा नाही' असा होत नाही हो! त्याचा अर्थ, लिमिटच नाही. हवं तेवढं घे.

तशीच पळत मशीनपाशी आले. शून्य काढलं, तिथं एक टाकला, म्हणजे जेमतेम नावापुरती जागा. आता जे घेतलंय ते घेतलंय, पण यापुढे एक अक्षरही मशीन त्याच्या नावावर घेणार नव्हतं.

रात्रभर झोपले नाही. सकाळी मशीनच्या खोलीच्या दाराशी चक्क देवाचं नाव घेतलं — मी!

उरलेली ड्रॉइंग दिनकरच्याच नावावर होती. आणि गेलेली सगळी... तीही परत आली होती. मी काही केलेलं नव्हतं. सुभाषचं खातं रिकामं होतं.

तशीच मिरज गाठली. दिनकर उशीला टेकून बसला होता, चेहरा पांढराफटक, पण ताप उतरलेला. या भानगडीतलं एक अक्षर मी त्याला किंवा रंजनाला सांगितलेलं नव्हतं. मला बघून तो हळूच म्हणाला,

"मॅडम, सुभ्या रोज येत हुता. गाडी दारात लावून 'चल' म्हणायचा. काल आला तवा लय रडला. म्हणला, आता मला काय न्हेता येत न्हाई, तू ऱ्हा हितंच. आन् म्हणला..."

"काय म्हणाला?"

"म्हणला, माजं मलाच आवरत न्हाई गड्या. मॅडमला सांग, लिमिट काढू नगा."

त्यानंतर काही वर्षांनी ते मशीन बदललं. याचं स्पष्टीकरण मला तेव्हा सुचलं नाही, आजही सुचत नाही. दिनकर ठणठणीत आहे. पण नव्या मशीनवर मी पहिलं खातं उघडलं ते सुभाषच्या नावानं, आणि लिमिटच्या जागी एक टाकला.